उंबरठ्यावरचे बूट

आमच्या घरी प्रथमच येणारा मनुष्य पडवीतल्या सोप्यावर, म्हणजे बांधलेल्या बाकावर, बसतो, पाणी पितो, आणि मग त्याची नजर दाराच्या उजव्या भिंतीकडे जाते. तिथे एक छायाचित्र आहे. काळेपांढरे, बरेच मोठे करून घेतलेले, शिसवी चौकटीतले. एक मनुष्य देवळाच्या गर्भकुडीच्या, म्हणजे गाभाऱ्याच्या, उंबरठ्यावर उभा आहे. अंगात भिजलेला गणवेश, डोक्यावर शिरस्त्राण, दोन्ही हातांत पाण्याची जाड नळी आणि पायांत गुडघ्यापर्यंत येणारे बूट. त्याच्या मागे अंधार आहे, आणि त्या अंधारात देवाच्या चांदीच्या प्रभावळीची एक कड चमकते आहे. पाहुणा बुटांकडे पाहतो, मग माझ्या जानव्याकडे पाहतो आणि बहुधा पावसापाण्याचा विषय काढतो. क्वचित एखादा धीट असतो. तो विचारतो, "मास्तर, हा काय प्रकार?" त्याला मी सांगत आलो आहे. जे विचारायचे टाळतात त्यांच्यासाठी हे लिहितो.

आमचे गाव डिचोली तालुक्यातले. मी विद्यालयात संस्कृत शिकवीत असे, आणि देवळात कोणतेही कार्य निघाले की संकल्प सांगण्याचे काम आमच्या घराण्याकडे असे. कॅमेरा माझ्या हाती आला तो माणसांसाठी नव्हे, पोथ्यांसाठी. पेडणे आणि डिचोली महालांतल्या जुन्या घरांत हस्तलिखित पोथ्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलेल्या असत, आणि वाळवी त्यांचे पारायण करीत असे. घरचे लोक पोथी बाहेर नेऊ देत नसत. तेही योग्यच होते. तेव्हा मुरगाव बंदरात नोकरीला असलेल्या माझ्या मेव्हण्याने एका खलाशाकडून कॅमेरा मिळवून दिला, आणि मी सुट्टीच्या दिवशी तिपाई खांद्यावर टाकून घरोघर हिंडू लागलो. पान उलटायचे, कडांवर गोटे ठेवायचे, ऊन ओसरीवर हवे तसे येईपर्यंत थांबायचे. पोथी हलत नाही, हा तिचा फार मोठा गुण. माझी पत्नी म्हणे, "घरच्या माणसांचा एक फोटो नाही, आणि कसरीने खाल्लेल्या पानांचे ढीगभर." जे नाहीसे होणार आहे ते टिपून ठेवावे, एवढीच माझी सवय होती. घरची माणसे नाहीशी होतील असे त्या वयात कोणाला वाटते?

ते दिवस भाषावादाचे होते. गोवा घटकराज्य व्हावे की कसे, राज्याची भाषा कोणती असावी, यावर सख्खे भाऊ एका पंगतीत बसेनात. मी मराठीच्या बाजूने सभांतून बोलत असे आणि घरी येऊन कोंकणीत पाणी मागत असे. रस्त्यांवर झाडे आडवी पडत, दगड रचले जात. आज या बाजूने, उद्या त्या बाजूने. अशात आमच्या देवाची जत्रा तोंडावर आली. जत्रा काही राजकारणासाठी थांबत नाही. देवळासमोर नारळीच्या चुडतांचा मोठा मांडव उभा राहिला. महाप्रसादाच्या तांब्याच्या हंड्यांना कल्हई करायला कल्हईवाला येऊन बसला. त्याने भट्टी मांडवाच्या कडेला लावली. दोष त्याचा नव्हे, सावली तिथे आहे म्हणून जागा आम्हीच दाखवली होती.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. जत्रेसाठी आणलेल्या शोभेच्या दारूच्या पेट्या देवळात ठेवीत असत. त्याही कुठे, तर चौकातल्या भांडारखोलीत. चौक म्हणजे गर्भकुडीच्या अगदी पुढची जागा, जिथे आम्ही महाजनसुद्धा, म्हणजे देवळाचे वंशपरंपरेचे मानकरी, अंगातला सदरा काढल्याशिवाय पाऊल टाकत नाही. देवाच्या नजरेखाली ठेवलेल्या वस्तूला काही होत नाही, अशी पिढीजात समजूत. शिवाय इतरत्र ठेवली तर दारू चोरीला जाते, हा अनुभव. श्रद्धा आणि अनुभव यांचे असे एकमत झाले की शहाणपणाला कोणी विचारीत नाही.

त्या दुपारी मी देवळाच्या अग्रशाळेत एक पोथी मांडून बसलो होतो. यात्रेकरूंना उतरायला बांधलेल्या त्या लांबट इमारतीत उजेड चांगला येतो. बाहेर कोणी ओरडले. मी पोथी गुंडाळून बाहेर येईपर्यंत मांडवाची एक बाजू पेटली होती. वाळलेले चुडत जळते तेव्हा कागदासारखा आवाज होत नाही, कोणी दात खात असल्यासारखा होतो. वारा देवळाच्या दिशेने होता. बघता बघता ज्वाळा सभामंडपाच्या कौलांखालच्या वाशांना लागल्या.

अग्नीची स्तुती करणारे मंत्र मी लहानपणी ज्या वयात दात पडतात त्या वयात पाठ केले होते. त्या दिवशी घागर हातात घेऊन तळीच्या पायऱ्यांवर उभा असताना त्यातला एकही मला आठवला नाही.

कोणीतरी खाणीच्या कचेरीतून फोन केला. बंब येईल याची खात्री कोणालाच नव्हती, कारण सकाळपासून मुख्य रस्ता बंद होता. पण आला. सुर्लाकडच्या खनिजाच्या वाटेने, ट्रकांच्या रांगेतून, तांबड्या धुळीने असा माखून की मूळचा तांबडा रंग ओळखू येऊ नये. वाटेत एक झाड आडवे होते. जवानांनी उतरून ते कापले होते. ते कोणत्या बाजूच्या लोकांनी पाडले होते, हे त्यांनी विचारले नव्हते, आणि आम्हाला सांगितलेही नाही.

पथकाचा नायक उडी टाकून उतरला. चाळिशीचा, रुंद चेहऱ्याचा, बोली पेडण्याकडची. चौकाच्या दारात आमचे भटजी उभे होते. देवाची पूजा करणारे, वयाने माझ्याहून वडील, आयुष्यभर कोणाशी मोठ्याने न बोललेले. त्या दिवशी ते दोन्ही हात पसरून दार अडवून उभे राहिले होते.

"आत काय आसा?" नायकाने विचारले.

"देव आसा."

"देव तर आसाच, भटजीनू. आणखी काय आसा?"

मी मागून ओरडलो, "दारूकाम! पेट्या आहेत. डावीकडच्या खोलीत."

नायकाने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा वर धुमसणाऱ्या वाशांकडे पाहिले. "कोणी ठेवल्यान?" असे म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता जवानांना हाका घालू लागला.

"बूट काढा!" भटजी म्हणाले. "आधी पायातले काढा!"

"भटजीनू, बूट काढलंय तर पाय भाजतले. पाय भाजले तर मी पडतलंय. मी पडलंय तर पेट्यो कोण काढतलो? तुम्ही?"

भटजी हलले नाहीत. तेव्हा त्या मनुष्याने त्यांना काखेत धरून, जशी तुळशीची कुंडी उचलावी तसे अलगद उचलले, तुळशीवृंदावनापाशी नेऊन ठेवले, आणि आम्हा सर्वांनाही तिथपर्यंत मागे ढकलले. "हेच्या पुढे कोण येऊ नका. कळशी घेऊनव नको!"

मग तो आत गेला. पुष्कळांनी मला नंतर विचारले आहे, की निदान उंबरठ्याला हात लावून नमस्कार तरी केला का त्याने? नाही केला. त्याच्या दोन्ही हातांत नळी होती.

वृंदावनाच्या कठड्यापाशी माझी तिपाई होती. अग्रशाळेतून ती मी केव्हा उचलून आणली हे मला सांगता येणार नाही. देऊळ आता जाणार असे मला वाटले, आणि जे जाणार ते टिपायचे, या सवयीने मी कॅमेरा चौकाच्या दिशेने लावला. मागून कोणीतरी ओरडले, "ओ मास्तर, हांगा लगीन चललां काय?" दुसरा म्हणाला, "देऊळ जळता आनी शास्त्री फोटो काढता! शिकलेली माणसा ती ही!" मी मान वळवली नाही. पोथीने मला एक विद्या दिली होती, उजेड योग्य होईपर्यंत थांबण्याची. धूर दाट होता. तो मध्येच फाटे, पुन्हा मिळे. फाटला की आत दिसे ते असे. नायक गर्भकुडीच्या उंबरठ्यावर देवाकडे पाठ करून उभा आहे, आणि डाव्या हाताच्या भांडारखोलीच्या दारावर पाण्याची धार धरून आहे. त्या धारेखालून दोन जवान ओली पोती अंगावर घेऊन आत शिरताहेत आणि एकेक पेटी छातीशी धरून बाहेर येताहेत. पेट्या ते तळीत नेऊन बुडवत होते. वरून पेटत्या चिपा पडत होत्या. एक त्याच्या खांद्यावर पडली. त्याने खांदा झटकला, नळी ढळली नाही. एका जवानाचा हात कोपरापर्यंत पोळला. तो दुसऱ्या हाताने पेटी धरून आला आणि पुन्हा आत गेला.

धूर एकदा पुरता फाटला. तेव्हा मी कळ दाबली.

सभामंडपाचे अर्धे छप्पर गेले, मांडव पूर्ण गेला. चौक, गर्भकूड आणि देव राहिले. ऊन कलले तेव्हा बंबवाले नळ्या गुंडाळीत होते आणि देवळाच्या लोकांनी चौक धुवायला घेतला होता. कोणीतरी चहा आणला. कपबश्या महाद्वाराबाहेर, रस्त्याकडेच्या दगडी बांधावर ठेवल्या, आणि केळीच्या पानावर उंडे. "हयसरच बरा, वारो आसा," असे चहा आणणारा म्हणाला. ज्यांनी गर्भकुडीचे दार राखले ते दाराबाहेर बांधावर बसून पाव बुडवून खाऊ लागले. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

नायकाने माझ्या तिपाईकडे बोट केले. "माझो काढलात?"

"काढला. आला की नाही ते धुतल्यावर कळेल."

"आयलो तर एक माका द्या, मास्तरांनू. घरची माणसा म्हणतत, तू डिचोलीत नुसतो बंब धुतंस." जवान हसले. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "आणि एक आधीच सांगून ठेवतंय. उद्या कोणतरी विचारतलोच, आत गेलेलो तो कोण, खयचो, कोणाचो." आणि त्याने मला आपली जात, आपले देव, सगळे सांगितले. मी न विचारता. विचारले जाण्याची त्याला सवय असावी.

त्याने जे सांगितले ते मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. इथेही लिहिणार नाही.

म्हापशाच्या स्टुडिओत फिल्म धुतली गेली. आमच्या गर्भकुडीच्या दाराला दोन बाजूंना जय आणि विजय हे द्वारपाल लाकडात कोरलेले आहेत, गदा टेकवून उभे. जन्मापासून पाहिलेले. कागदावर चित्र उमटले तेव्हा मला प्रथम ते दोघे दिसले, मग मधला तिसरा. तिघांचीही छाती एका रेषेत होती. तिघांचीही पाठ देवाकडे होती. द्वारपालाची पाठ देवाकडेच असते, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा शिकवले होते.

मग देवस्थान समितीची बैठक बसली, अग्रशाळेतच. अध्यक्ष माझ्याबरोबर पाठशाळेत शिकलेले, मनुष्य वाईट नव्हे. देवळासाठी रात्रंदिवस राबणारे.

"शुद्धी करावी लागतली," ते म्हणाले.

"करावी," मी म्हणालो.

"संकल्प तुम्ही सांगायचा."

"सांगतो."

"मग दोष कोणकोणते घ्यायचे ते ठरवू या."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी तळहातावर पाणी घेऊन स्थळ, काळ, कर्ता आणि हेतू मोठ्याने उच्चारावा लागतो, तो संकल्प. शुद्धीच्या संकल्पात कोणता दोष घालवायचा आहे त्याचे नाव घ्यावे लागते. ते नाव सगळे गाव ऐकते. एकदा ऐकले की तो दोष घडला, हे कायमचे ठरते.

"अग्निदाह," अध्यक्षांनी बोट दुमडले. "पादत्राणस्पर्श. आणि..." त्यांनी तिसरे बोट धरले. "अज्ञातजातीचा प्रवेश."

"अज्ञात कित्याक?" एक सभासद म्हणाले. "मास्तरांनी तेंच्या पंगतीक बसून चा घेतलो. तेंका म्हायत आसतली."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"मग सांगा."

"नाही सांगणार."

"सभांनी मास्तरांचा तोंड बंद जायना," तो सभासद इतरांना म्हणाला, "आनी आज बघा, दातखीळ बसली."

लोक हसले. मीही हसलो असतो, पण अध्यक्ष हसत नव्हते. ते म्हणाले, "मुंबईचे महाजन विचारतात. देणग्या त्यांच्या आहेत. त्यांना काय सांगू?"

"सांगा की देव शाबूत आहे."

"शास्त्र काय म्हणते, तेवढे तरी सांगा."

"शास्त्राला आपद्धर्म ठाऊक आहे. आणि तो तुम्हालाही ठाऊक आहे, आपण एकाच बाकावर शिकलो." मग मी पुढे बोललो, आणि त्या वेळी माझा आवाज नेहमीपेक्षा चढला असावा. "संकल्प मी सांगेन. त्यात अग्निदाह घेईन. आणि दुसरा एक दोष घेईन. देवाच्या चौकात स्फोटक दारू साठवली, हा. ज्यांनी साठवली त्या आपणा सर्वांच्या गोत्रांचा उच्चार करून घेईन. बुटांचा दोष माझ्या तोंडून निघणार नाही. माणसाचा तर नाहीच."

भांडारखोलीची किल्ली अध्यक्षांच्या कनवटीला असे, हे सर्वांना ठाऊक होते.

शेवटी एकाने तोडगा सुचवला. देवाचा प्रसाद लावू. आमच्याकडे असा नेम आहे. मूर्तीच्या अंगावर पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्ने, वाटण्या, विहिरी, सारे त्यावर ठरत आले आहे. माझीही त्यावर पूर्ण श्रद्धा आहे. म्हणूनच मी उठून उभा राहिलो.

"जे आपल्याला कळत नाही ते देवाला विचारायचे असते," मी म्हणालो. "हे आपल्याला कळते आहे. कळत असलेले देवाला विचारणे म्हणजे त्याच्यामागे लपणे."

"ती फिल्म तरी द्या," मी दाराकडे वळलो तेव्हा अध्यक्ष मागून म्हणाले. "पेपरात आली तर सगळ्या गोव्यात नाचक्की. देवळाचा फोटो देवळाकडे असावा."

"तो देवळाचा फोटो नव्हे. माणसाचा आहे."

घरी येऊन मी पत्नीला सारे सांगितले. ती खोबरे खवत होती. "आता वाळीत घालतात की काय आपल्याला?"

"घालतील कदाचित."

"घालू देत. जत्रेच्या वड्यांतून तरी सुटेन." आणि विळी बाजूला सारून, "तो फोटो दाखवा एकदा." तिने तो बराच वेळ पाहिला. "हा माणूस घरी गेल्यावर बायको काय म्हणाली असेल हो? एवढे भिजलेले कपडे!"

समितीने दुसऱ्या गावचे याज्ञिक आणवले. शुद्धीच्या दिवशी मी स्नान केले, संध्या केली आणि म्हापशाची बस धरली. आयुष्यात देवळातल्या कार्याला मी गावात असून गेलो नाही, असा तो पहिला दिवस. बस थांब्यावर उभा असताना कर्ण्यावरून संकल्प ऐकू आला. तिन्ही दोष घेतले होते. उच्चार शुद्ध होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हापशाला जाऊन मी ते चित्र मोठे करून घेतले, दोन प्रती, आणि येताना शिसवी चौकट घेतली.

डिचोलीला उतरून बंबाच्या ठाण्यावर गेलो. नायक खरोखरच बंब धूत होता. त्याने हात पुसले, चित्र दोन्ही हातांनी धरले, उजेडाकडे वळवले.

"बूट बरे आयले," तो म्हणाला.

मी त्याला शुद्धीचे सांगितले. लपवून काय करायचे? त्याने ऐकून घेतले आणि चिंध्यांचा बोळा करीत म्हणाला, "चलताच तसा. आमका सवय आसा." मला त्या वाक्याचा जेवढा राग आला तेवढा साऱ्या बैठकीतही आला नव्हता. मी म्हणालो, "मला नाही. जत्रेला तुमचा बंब आमच्या गावी उभा राहणार आहे ना?"

होता. आगीनंतर समितीनेच तसा अर्ज केला होता, नव्याने आणायच्या दारूकामाच्या वेळी बंब हवा म्हणून. दोष त्यांचा, आणि गरजही त्यांची. बंब उभा राहायचा तो आमच्या घरापुढच्या मोकळ्या शेतात.

"मग पालखी माझ्या दारात येईल तेव्हा आरतीचे ताट तुम्ही धरा."

तो गडबडला. "मास्तरांनू, मी ड्युटीर आसतलंय. बूट काढूक गावचा नाय."

"काढू नका."

आमच्या जत्रेची रीत अशी, की ज्या दारापुढे रांगोळी घातली आणि दिवा लावला त्या दारापुढे पालखी थांबलीच पाहिजे. घराशी वैर असो, वाद असो, दिवा लागलेला असला की देव थांबतो आणि ओवाळून घेतल्याशिवाय पालखी उचलत नाहीत. ही रीत समितीने घातलेली नव्हती, म्हणून समितीला मोडता येत नव्हती. वाळीत टाकलेल्या घरापुढेही पालखी थांबल्याचे मी लहानपणी पाहिले होते.

दिवेलागणीला ढोल जवळ आला. दारात चौरंग मांडला होता, त्यावर ते चित्र, त्याला झेंडूची माळ, पुढे समई. पत्नीने ताट सिद्ध केले होते. नायक दारात उभा होता, गणवेशात, बुटांत. तो मनुष्य आगीत शिरताना डळमळला नव्हता, आता त्याला घाम फुटला होता. "मास्तरांनू, तुमका त्रास जातलो," असे तो पुटपुटत होता. मागे शेताच्या कडेला त्याचे जवान एका रांगेत उभे राहिले होते. एकाच्या हाताला पट्टी होती.

पालखीच्या पुढच्या दांड्याला अध्यक्षांचा खांदा होता. त्यांनी चित्र पाहिले, मग मनुष्य पाहिला, मग बूट. पालखी थांबली. ढोल दोन ठोके जास्त वाजून थांबला.

"हे काय मांडलंत?" ते दबक्या आवाजात म्हणाले.

"माझ्या घरची ओवाळणी."

"हा तुमच्या घरचा कोण?"

"पाहुणा. पाहुण्याला पहिला मान, ही रीत मी काढलेली नाही."

मागच्या गर्दीतून कोणी ओरडले, "चला रे, पुढे चला!" तेव्हा मागच्या दांड्याचा भोई, रापलेला म्हातारा, मान न वळवता म्हणाला, "ओवाळल्याबगर पालखी उचलत नाय. माझ्या बापायन उचलूक नाय, मीव उचलचंय नाय. घाय आसा तेणी घराक वचचा."

नायकाने ताट घेतले. मी पाहत होतो. तो ज्या तऱ्हेने नळी धरी त्याच तऱ्हेने, दोन्ही हातांनी घट्ट, जणू ते ताट त्याच्या हातून निसटू पाहत होते. त्याने ओवाळले. ज्योत देवाच्या मुखवट्यावरून फिरली, आणि पालखीच्या चांदीत त्याच्या गणवेशाची बटणे चमकली.

आता तीर्थ द्यायचे होते. ते काम भटजींचे. ते पालखीच्या बाजूला पळी घेऊन उभे होते, नेहमीसारखे मान खाली घालून. सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. अध्यक्षही. भटजी दोन पावले पुढे आले आणि नायकाला म्हणाले, "हात पुढे कर."

नायकाने ओंजळ केली. "भटजीनू, तेदना उचललंय तुमका. राग मानू नका."

"राग कसला?" भटजी म्हणाले, मोठ्याने, सर्वांना ऐकू जाईल असे. "पुन्हा उचलशील तेव्हा जरा जपून उचल. जानवे तुटले होते माझे."

गर्दीत आधी एक हसला, मग बरेच. भटजींनी तीर्थ घातले, वर तुळशीचे पान ठेवले, आणि मग न सांगता शेताच्या कडेला जाऊन रांगेतल्या प्रत्येक जवानाच्या हातावर तीर्थ घातले. पट्टीवाल्याने डावा हात पुढे केला तर त्यांनी डाव्यावर घातले. तोवर पालखी थांबून होती. अध्यक्षांनी खांदा बदलला नाही, काढलाही नाही. निघताना एवढेच म्हणाले, "उद्या बैठकीत बोलू."

"बोलू," मी म्हणालो.

बोललो. पुष्कळ बोललो, एकमत झाले नाही. संकल्प सांगण्याचे काम पुढे आमच्या घराकडे राहिले नाही. सभामंडपाचे छप्पर नवे झाले आणि त्याच्या भिंतीवर देणगीदारांच्या तसबिरी लागल्या. ही लागली नाही, आणि मी पुन्हा मागितले नाही. मात्र शोभेची दारू आता शेतातल्या पत्र्याच्या खोपटात ठेवतात, आणि तिची किल्ली पालखीच्या त्या म्हाताऱ्या भोयाच्या मुलाकडे असते. राज्य झाले, दोन भाषांची भांडणे थोडी निवली, पुन्हा पेटली. नायक निवृत्त होऊन पेडण्याला गेला. त्याची प्रत त्याच्या घरी लागली आहे. मी जाऊन पाहून आलो. घरच्यांचे मत बदलले का, असे विचारले, तर म्हणाला, "म्हणतत, बंब धुवूचो तो काय असलो बूट घालून?"

चित्र माझ्या दारापाशी राहिले, आणि दरवर्षी पालखी माझ्या दारात थांबते. तिला थांबावेच लागते. मी समई लावतो, मुखवट्याचे तोंड भिंतीकडे असते, आणि ओवाळून होईपर्यंत देव त्या तिसऱ्या द्वारपालाकडे पाहत असतो, ज्याची आगीच्या दिवशी त्याने फक्त पाठ पाहिली होती.

जत्रेच्या सकाळी चौकटीची काच मी स्वतः पुसतो. बुटांपासून सुरुवात करतो.